सायझिंगचं शेड, वहिनींचं खातं आणि भाड्याचा रकाना

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात इचलकरंजीतले तीन भाऊ ऑफिसात आले. हातात रेक्झिनची पिशवी, पिशवीत कंपनीचा ताळेबंद, तीन भाडेकरार आणि आधीच्या हिशेबनिसांनी तयार करून ठेवलेलं २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं रिटर्न. "एकदा नुसती नजर टाका साहेब, मग मी डिजिटल सही मारून टाकतो," थोरले भाऊ म्हणाले. त्यांना सगळे आण्णा म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत. प्रश्न मात्र आहे तसाच ठेवलाय: बंद कारखान्याच्या जागेचं भाडं रिटर्नमध्ये कुणाचं आणि कुठल्या रकान्यात दाखवायचं? कारण आमच्या भागात हा प्रश्न दर चौथ्या बंद कारखान्यात दडलेला असतो.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. भागधारक आई आणि तीन मुलगे, संचालक तिघे भाऊ. वडिलांनी सुरू केलेलं सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना, २०२१ मध्ये बंद पडलं. २०२२ मध्ये यंत्रं भंगारात गेली, बॉयलरही गेला. उरलं ते मोठं शेड, त्याच्या पुढची रस्त्याकडची दुमजली इमारत आणि मुलं पुण्यात शिकायला होती तेव्हा कंपनीच्या पैशातून घेतलेला कोथरूडचा फ्लॅट. शेड एप्रिल २०२४ पासून एका पार्सल कंपनीला गोडाऊन म्हणून दिलंय, महिना दीड लाख. पुढच्या इमारतीत २०२२ पासून एका बँकेची शाखा आहे, महिना साठ हजार. फ्लॅटचं भाडं महिना २८ हजार.

म्हणजे वर्षाचे १८ लाख, ७ लाख २० हजार आणि ३ लाख ३६ हजार. एकूण २८,५६,०००.

रिटर्नमध्ये मात्र भाडं दिसत होतं २५,२०,०००. वजाबाकी करायला कॅल्क्युलेटर लागत नाही, फ्लॅटच गायब होता.

"फ्लॅटचं भाडं कुठं जातं?" मी विचारलं. आण्णांनी सहज सांगितलं, "ते आमच्या हिच्या खात्यावर जातंय. पहिल्यापासनंच. तिनं तिच्या रिटर्नमध्ये दाखवलंय की! लपवलेलं काय बी नाही."

खरंच दाखवलं होतं. वहिनींच्या रिटर्नमध्ये ३,३६,००० भाडं, त्यातून ३० टक्के वजा, राहिले २,३५,२००. दुसरं उत्पन्न फारसं नाही, त्यामुळे कर शून्य. घरातल्या कुणालाही यात वावगं वाटलेलं नव्हतं. फ्लॅट "आपला", कंपनी "आपली", वहिनी तर आपल्याच. आई तर म्हणायच्या, भाडं म्हंजे घरातलंच.

मी भाडेकरार काढला. नोंदणी झालेला लीव्ह अँड लायसन्स, सोबत इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणीचा उतारा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, म्हणून ब्रोकरनं तो नीट करून दिला होता. लायसन्सर, म्हणजे जागा देणारा, म्हणून नाव कंपनीचं, सही संचालक या नात्यानं आण्णांची. आणि त्याच करारात भाडं जमा करण्यासाठी खातं वहिनींचं. एकाच पानावर दोन मालक. आयकर कायदा १९६१ च्या घरमालमत्तेच्या उत्पन्नाबद्दलच्या कलम २२ ला खातं कुणाचं याच्याशी देणंघेणं नाही, इमारत कुणाच्या मालकीची एवढंच तो विचारतो. फ्लॅट कंपनीचा, तर भाडं कंपनीचं उत्पन्न. वहिनींनी कितीही प्रामाणिकपणे कर भरला असता तरी तो चुकीच्या माणसाचा कर ठरला असता.

या फ्लॅटकडे परत येतो. आधी दुसरा गोंधळ, कारण पैशात तो मोठा होता.

हिशेबनिसांनी उरलेलं २५.२० लाखांचं भाडं घरमालमत्तेच्या हेडमध्ये, म्हणजे उत्पन्नाच्या प्रकारात, न दाखवता सरळ व्यवसायाचं उत्पन्न धरलं होतं. त्यातून तिघा संचालकांचा पगार ९ लाख, शेड-इमारतीचा घसारा २,१०,०००, दुरुस्ती ३,५०,०००, कर्जाचं व्याज २,४०,०००, घरफाळा १,८६,०००, ऑडिट आणि किरकोळ १,२०,०००. नफा ५,१४,०००. कंपनीनं कलम ११५बीएएचा कमी दराचा पर्याय आधीच घेतलेला, म्हणजे २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर मिळून २५.१६८ टक्के. कर साधारण १,२९,३६४. टीडीएस, म्हणजे भाडेकरूंनी भाडं देतानाच कापलेला कर, त्याहून जास्त, म्हणजे वर परतावा. रिटर्न दिसायला देखणं होतं, पण हे भाडं व्यवसायाचं कसं, हा प्रश्न होता.

मधले भाऊ वाचणारे. त्यांनी लगेच चेन्नई प्रॉपर्टीजचा निकाल काढला. २०१५ चा, सर्वोच्च न्यायालयाचा. मालमत्ता घेऊन भाड्यानं देणं हाच कंपनीचा मुख्य उद्देश आणि जवळजवळ सगळं उत्पन्न त्यातलंच असेल, तर ते भाडं व्यवसायाचं उत्पन्न, असं त्यात ठरलं. पुढच्याच वर्षी रायला कॉर्पोरेशनमध्येही तेच. "आमचं बी सगळं उत्पन्न भाड्याचंच हाय की आता," ते म्हणाले. तर्क बरोबर वाटतो. पण कंपनीच्या मेमोरँडममध्ये, म्हणजे स्थापनेच्या दस्तात, मुख्य उद्देश काय? सुताचं सायझिंग, कापड उत्पादन आणि विक्री. भाड्यानं देण्याचा उल्लेख आनुषंगिक उद्देशांच्या ढिगात, जिथं "कंपनीच्या हिताचं वाटेल ते सर्व" असंही लिहिलेलं असतं.

बरं, उद्देश बदलून घेतला तरी भागत नाही. २०१७ मध्ये राज दादरकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हाच मुद्दा घट्ट केला. मुंबईतल्या महापालिकेच्या बाजाराची जागा घेऊन त्यातली दुकानं आणि गाळे पुढं देणारी ती फर्म होती. करारात व्यवसाय लिहिलाय एवढ्यानं पुरत नाही, प्रत्यक्षात गुंतागुंतीचा, चालता व्यवसाय दिसला पाहिजे, असा त्याचा सूर. फर्मचं उत्पन्न अखेर घरमालमत्तेतच गेलं.

आमच्या प्रकरणाला मला त्याहून जवळचा वाटला १९९९ चा युनिव्हर्सल प्लास्टचा निकाल. धंद्याची मालमत्ता तात्पुरती भाड्यानं दिली आणि धंदा पुन्हा सुरू करायचा हेतू असला तर भाडं धंद्याचं मानता येतं. धंदा कायमचा गुंडाळला तर नाही. म्हणून मी कायद्याची पुस्तकं मिटून शेड बघायला गेलो. बॉयलरचा चौथरा रिकामा, त्यावर पार्सलांची पोती. भिंतीला खळीचे ओघळ वाळून पिवळे पडलेले, आणि पावसाळी हवेत तो आंबूस वास अजून सुटतो. बीम ठेवायच्या लोखंडी घोड्यांपैकी एक उरलाय, त्यावर गोडाऊनचा वॉचमन डबा खातो. यंत्रं विकली, बॉयलर गेला, कामगारांची ग्रॅच्युइटी देऊन झाली, पाच वर्षांचा भाडेकरार झाला. पुन्हा सायझिंग सुरू करणार का, असं मी धाकट्यांना विचारलं. ते हसले. माझ्या दृष्टीनं हेड तिथंच ठरलं. घरमालमत्तेचं उत्पन्न. सोबत यंत्रं किंवा फर्निचर दिलेलं नाही, त्यामुळे "इतर मार्गांचं उत्पन्न" म्हणायलाही जागा नाही.

फ्लॅटबद्दल तर वादालाही वाव उरलेला नाही. २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्यानं व्यवसायाच्या उत्पन्नाच्या कलम २८ ला स्पष्टीकरण जोडलं, की निवासी घर मालकानं भाड्यानं दिलं तर ते उत्पन्न व्यवसायात दाखवता येणार नाही. निर्धारण वर्ष (आर्थिक वर्षानंतरचं, कर ठरवायचं वर्ष) २०२५-२६ पासून लागू, म्हणजे नेमकं हेच २०२४-२५ च्या उत्पन्नाचं रिटर्न.

आता घरमालमत्तेचा हिशेब मांडला की काय होतं ते बघा. भाडं २८,५६,०००. जीएसटी यात धरायचा नाही. घरफाळा फक्त त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला वजा होतो. बिल १,८६,००० चं होतं, पण मार्चपर्यंत भरले होते १,२०,०००. उरलेले ६६ हजार मे महिन्यात भरले. व्यवसायात असतो तर रिटर्नच्या मुदतीआधी भरल्यामुळे तेही चालले असते. इथं नाही, ते पुढच्या वर्षी. राहिले २७,३६,०००. त्यातून सरसकट ३० टक्के, ८,२०,८००. या तीस टक्क्यांची गंमत अशी, की एक खिळा ठोकला नाही तरी मिळतात आणि अख्खं छप्पर बदललं तरी तेवढेच. दुरुस्तीचे साडेतीन लाख, घसारा, संचालकांचा पगार, ऑडिट फी, सगळं त्यांच्या पोटात. घसारा कंपनी कायद्याच्या पुस्तकात चालू राहील, आयकराच्या हिशेबात त्या इमारतींवर मिळणार नाही.

व्याजाचं जरा खणावं लागलं. बँकेचं तारण कर्ज ३० लाखांचं. मंजुरीपत्रात "शेडचं नूतनीकरण" लिहिलेलं. पण खातेउतारा वाचला तर १८ लाख पत्रे आणि फरशीच्या ठेकेदाराला गेलेले, १२ लाख जुन्या सूत व्यापाऱ्यांची देणी मिटवायला. कलम २४ मालमत्ता घेणं, बांधणं, दुरुस्त करणं यासाठीच्या कर्जाचं व्याज देतं. सुताच्या उधारीचं देत नाही. ६० टक्के धरलं, १,४४,०००.

उत्पन्न १७,७१,२००. कर ४,४५,७७६.

खोलीत शांतता पसरली. सव्वा लाखाचे साडेचार लाख! धाकटे म्हणाले, "मग आमचा पगार?" पगार खरा होता, बँकेतून दिलेला होता, तिघांच्या रिटर्नमध्येही होता. पण घरमालमत्तेच्या उत्पन्नातून तो वजा होत नाही. आणि समजा व्यवसायाचं हेड टिकलं असतं, तरी महिन्याला दोन भाडी खात्यावर येतात ती बघायला तीन संचालकांना ९ लाख, हा प्रश्न आपल्याच माणसांना दिलेल्या अवाजवी खर्चाच्या कलम ४०ए(२)(बी) खाली कुणीतरी विचारलाच असता. ऑडिट आणि कंपनी नोंदणीच्या फीसारखे कंपनी जिवंत ठेवण्याचे खर्च मिळावेत असा युक्तिवाद होतो, आणि काही न्यायाधिकरणांनी तो मानलाही आहे. मी इथं तो घेतला नाही. तीसेक हजारांच्या करासाठी या रिटर्नवर नोटीस ओढवून घेण्यात मला शहाणपण दिसलं नाही. दुसरा सीए वेगळा निर्णय घेईल, आणि तो चूक ठरेल असं नाही.

पगाराऐवजी पुढच्या वर्षापासून लाभांश घ्या, असं सुचवलं. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावर कंपनीकडून वेगळा वितरण कर जात नाही, भागधारकाच्या हातात त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत निवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. तिघा भावांचं उत्पन्न त्याच्या आत आहे. शिवाय लाभांशात आईचाही वाटा येतो, तो पगारात कधीच आला नव्हता. यावर भाऊ एकमेकांकडे बघत राहिले, मी विषय बदलला.

आता फ्लॅट.

भाडं कंपनीचं आणि पैसे संचालकाच्या पत्नीकडे. खासगी कंपनीनं दहा टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाला कर्ज किंवा उचल दिली, किंवा त्याच्या व्यक्तिगत फायद्यासाठी कुणाला पैसे दिले, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ते कलम २(२२)(ई) खाली लाभांश मानलं जातं. आण्णांकडे ३० टक्के शेअर आहेत. कंपनीकडे सायझिंगच्या चांगल्या दिवसांतला नफा राखीव आहेच. तीन वर्षांत वहिनींच्या खात्यावर गेले ३,००,०००, ३,१२,००० आणि ३,३६,०००. एकूण ९,४८,०००. "मग परत भरतो की लगेच," आण्णा म्हणाले. पण परत भरून हा डाग जात नाही. १९७७ च्या तारुलता श्याम निकालात तर त्याच वर्षात फेडलेलं कर्जही लाभांश ठरलं होतं.

इथं जुनी पासबुकं कामी आली. २०२१ मध्ये कारखाना बंद करताना कामगारांची ग्रॅच्युइटी द्यायला कंपनीकडे पैसे नव्हते. आण्णांनी स्वतःच्या मुदत ठेवी मोडून ११ लाख कंपनीत घातले होते. ताळेबंदात ते "संचालकांकडून असुरक्षित कर्ज" म्हणून तसेच पडून होते, व्याज नाही, परतफेड नाही. म्हणजे या तिन्ही वर्षांत कुठल्याही दिवशी आण्णा कंपनीचे देणेकरी नव्हते, कंपनीच आण्णांचं देणं लागत होती. वहिनींकडे गेलेलं भाडं ही त्या देण्याची परतफेड, अशी मांडणी ओढूनताणून केलेली नव्हती. रकमा, तारखा आणि बँकेचे उतारे तेच सांगत होते. संचालक मंडळाचा ठराव, आण्णांचं खातं कंपनीच्या पुस्तकात आणि वहिनींचं लेखी पत्र, असं करून ते लावलं. ते ११ लाख नसते तर या लेखाचा हा भाग फार वेगळा झाला असता.

मागच्या दोन वर्षांसाठी अपडेटेड रिटर्न, म्हणजे चूक दुरुस्त करून उशिरा भरायचं रिटर्न, भरायचं ठरलं. २०२५ च्या वित्त कायद्यानं त्याची मुदत २४ वरून ४८ महिने केली आहे, पण उशिराची किंमत वाढत जाते. आम्ही भरलं तेव्हा निर्धारण वर्ष २०२४-२५ साठी कर आणि व्याजावर आणखी २५ टक्के लागत होते, २०२३-२४ साठी ५० टक्के. एका वर्षाचं अपडेटेड रिटर्न एकदाच भरता येतं, म्हणून फ्लॅटसोबत बँकेच्या भाड्याचं हेडही त्यात दुरुस्त केलं. मधल्यांना हे आवडलं नाही. "विचारलंय कुणी?" असं ते दोनदा म्हणाले. वहिनींना जुन्या वर्षांत कर लागलाच नव्हता, त्यामुळे परत मागण्यासारखंही काही नव्हतं. यंदाचं त्यांचं रिटर्न तेवढं सुधारून दिलं.

प्रत्यक्ष भरताना आयटीआर-६ या कंपन्यांच्या रिटर्न फॉर्ममध्ये लोक अडखळतात ते नफातोट्यातल्या भाड्यापाशी. भाडं तिथं जमा दिसतं, म्हणून व्यवसायाच्या परिशिष्टात ते दुसऱ्या हेडचं म्हणून बाहेर काढावं लागतं, आणि त्याच्याशी जोडलेले खर्च नफ्यात परत मिळवावे लागतात. पहिलं केलं नाही तर तेच भाडं दोनदा मोजलं जातं; दुसरं विसरलं तर पगार आणि घसारा मागच्या दारानं वजा होतात. मग घरमालमत्तेच्या परिशिष्टात तिन्ही मालमत्ता वेगवेगळ्या, पत्त्यासकट, भाडेकरूच्या पॅन किंवा टॅनसकट. टीडीएसच्या तक्त्यातही हेड घरमालमत्तेचंच निवडायचं.

बँकेच्या बाबतीत २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, ७,२०,००० ऐवजी ८,४९,६०० दिसत होते. बँकेनं जीएसटी धरून १० टक्के कापले होते, ८४,९६०. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, असं २०१७ चं परिपत्रक आहे. शाखेतल्या मंडळींपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. कापलेलं सगळं क्रेडिट घेतलं आणि १,२९,६०० चा फरक जीएसटीच्या विवरणाशी जुळवून कागद फाइलला लावला. पार्सल कंपनीचे १,८०,००० धरून टीडीएस २,६४,९६०. उरलेला कर १,८०,८१६, वर अग्रिम कर न भरल्याचं व्याज. शेडच्या नऊ लाखांच्या बिनव्याजी डिपॉझिटवर काल्पनिक व्याज धरून ते भाड्यात मिळवायचं का, असं मधल्यांनी विचारलं. प्रत्यक्ष भाड्यात ते मिळवत नाहीत, मुंबई उच्च न्यायालयाच्या जे. के. इन्व्हेस्टर्सच्या निकालापासून आमच्याकडे हा मुद्दा त्यातल्या त्यात शांत आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात वरचे कलम-क्रमांक वेगळे आहेत, तीस टक्के आणि प्रत्यक्ष भरलेला घरफाळा तिथंही आहेत.

सगळं भरून झालं. फ्लॅटच्या भाडेकरूला पत्र गेलं, ऑक्टोबरचं भाडं कंपनीच्या खात्यावर आलं. दोन दिवसांनी वहिनी स्वतः ऑफिसात आल्या, हातात शाळेची दोनशे पानी वही. तीन वर्षांचा हिशेब होता. सोसायटीचा मेंटेनन्स महिना २,५००, म्हणजे छत्तीस महिन्यांचे नव्वद हजार, आपल्या खात्यातून भरलेले, एकेका पावतीचा नंबर समोर लिहिलेला.

"भाडं कंपनीचं होतं म्हणता, तर मग हे बी कंपनीचंच ना?"

कंपनीचंच होतं.

"आन् त्याचं करात काय कमी होईल?"

नाही, ते तीस टक्क्यांत आलं, मी म्हणालो. आणि ९,४८,००० ची नोंद उलटवून ८,५८,००० ची करायला घेतली.